तीनशे रुपयांच्या कपात काय असते?

(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून कापूस झाला, ज्वारी झाली, वीजबिल झाले. जेवणानंतरची वेळ माझ्या वाट्याला आली आहे आणि या वेळी सभा पेंगते हे मला ठाऊक आहे. म्हणून मी कार्यकर्त्यांना म्हटले, आज मला कॉफीवर बोलू द्या. ते हसले. आपल्या भागात पाहुणा आला की चहा टाकतात. कॉफी म्हणजे उपासाच्या दिवशी, नाहीतर ताप उतरल्यावर, जायफळ घालून. मीही तसाच. शेतकी कॉलेजात चार वर्षे काढली, रात्री जागून अभ्यास करताना डब्यातली पूड दुधात ढवळून प्यायलो. त्या पुडीचे झाड कसे असते, हे परीक्षेपुरते पाठ केले आणि विसरलो.

मग मागच्या दिवाळीत पुण्याला भाचीकडे गेलो. ती म्हणाली, "मामा, आज तुम्हाला खरी कॉफी पाजते." दुकानात नेले. एक कप तीनशे रुपये. दूध नाही, साखर नाही. फळ्यावर मळ्याचे नाव, डोंगराची उंची, झाडाचे वाण, फळ कसे वाळवले ते, सगळे लिहिलेले. आधी राग आला. एस.टी. स्टँडवर पंधरा रुपयांत मिळते त्यात आणि यात असे काय वेगळे? पण एक घोट घेतला आणि गप्प झालो. कडू नव्हती. मोसंबीसारखी हलकी आंबट होती, आणि घोट गेल्यावर मागे गुळासारखे काहीतरी जिभेवर राहिले.

मी भाचीला विचारले, "यात काय घातले आहे?" ती म्हणाली, "काही नाही मामा. आतापर्यंत तुम्ही प्यायलात त्यात घातले होते."

तेव्हापासून हा किडा डोक्यात शिरला. पुस्तके वाचली, चिकमगळूरला जाऊन आलो. जे कळले ते सांगतो.

डब्यात काय असते?

कॉफीच्या बाजारात मुख्य जाती दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंचावर, साधारण हजार मीटरच्या वर चांगली येते. नाजूक आहे, खोडकिडा आणि तांबेरा तिच्या पाठी लागलेले असतात. रोबस्टा खालच्या उंचीवर येते, दणकट आहे, तिच्यात कॅफीन जवळपास दुप्पट आणि चव कडू. भारतात आज निघणाऱ्या कॉफीत सत्तर टक्क्यांच्या आसपास रोबस्टा आहे. झटपट विरघळणाऱ्या कॉफीत बहुधा हीच मुख्य असते.

दुसरी गोष्ट चिकोरीची. चिकोरी म्हणजे कॉफी नव्हे. ते एक मूळ आहे. भाजून दळले की काळे, दाट आणि कडसर होते. दक्षिणेत ती आवडीने घालतात, त्यात फसवणूक नाही. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी लागते आणि पाकिटावर प्रमाण छापावे लागते. आज घरी गेल्यावर पाकीट उलटून वाचा. आपण कॉफी म्हणून जे पितो त्यात थोडथोडकी नाही, जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. वर दूध, साखर आणि जायफळ. एवढ्या गर्दीत कॉफीची चव लागणार कशी?

चव येते कोठून?

आता शेतकऱ्याला कळेल अशा भाषेत सांगतो. कॉफीचे फळ बोराएवढे असते आणि पिकले की लाल होते. आत दोन बिया समोरासमोर चिकटलेल्या. जुनी माणसे या दाण्याला बुंद म्हणत. पीक पावसाच्या भरवशाचे आहे, आपल्यासारखेच. फेब्रुवारी-मार्च-एप्रिलात एक पाऊस फुलासाठी लागतो. तो पडला की आठ-दहा दिवसांत अख्खी बाग पांढरी होते. नंतर फळ धरायला दुसरा पाऊस लागतो. पहिला आला आणि दुसरा चुकला तर वर्ष गेले. हे दुखणे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही.

एका फांदीवरची सगळी फळे एकदम पिकत नाहीत. काही लाल, काही पिवळी, काही हिरवीगार. मजूर लावून फांदी ओरबाडली की काम एका दिवसात होते, पण हिरवे फळ तुरट आणि अति पिकलेले आंबूस, सगळे एका पोत्यात जाते. चांगली कॉफी करायची तर फक्त लाल फळ वेचायचे आणि त्याच झाडाकडे तीन-चार वेळा फिरायचे. आता सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? पहिल्या वेचणीचा कापूस वेगळा, फरदडीचा वेगळा, कवडी वेगळी. आपल्या बायकांच्या बोटांना हे डोळे मिटून कळते.

वेचल्यावर फळ पाण्यात टाकतात. पोचट फळ तरंगते ते काढून टाकतात. साल काढून चिकट बिया एक-दीड दिवस आंबवतात, धुतात आणि उन्हात, शक्यतो माचाणावर, ओलावा दहा-अकरा टक्क्यांवर येईपर्यंत वाळवतात. काही जण फळ सालीसकट वाळवतात, त्याला दोन आठवडे किंवा जास्त लागतात आणि चव आणखी वेगळी येते. आंबवण चार तास जास्त झाले तर वास बदलतो. ओल्या जमिनीवर वाळवले तर बुरशी. मिरचीच्या पोत्याशेजारी किंवा फवारणीच्या औषधाजवळ ठेवले तर दाणा तो वास ओढून घेतो. गाठीत प्लास्टिकच्या सुतळीचा एक धागा गेला तर सूतगिरणीत अख्खा कापूस बदनाम होतो, तसाच एक कुजका दाणा अख्खा कप नासवतो.

मग भाजणे. साधारण दोनशे अंशांच्या आसपास दाणा लाहीसारखा फुटतो, आवाज येतो. तिथून पुढे किती वेळ ठेवायचे, यात भाजणाऱ्याची परीक्षा. काळाकुट्ट भाजला की चांगला दाणा आणि वाईट दाणा सारखाच लागतो. म्हणून हलका माल गडद भाजतात, दोष झाकले जातात. भाजलेला दाणा काही आठवड्यांत मरगळतो आणि दळलेली पूड त्याहून लवकर. म्हणून चांगल्या पाकिटावर भाजल्याची तारीख असते.

तेव्हा तीनशे रुपयांच्या कपातल्या चवीचे उत्तर असे: भाजणारा आणि उकळणारा चव बिघडवू शकतो, पण दाण्यात नसलेली चव घालू शकत नाही. ती शेतावरच ठरते. जमीन, उंची, वाण, वेचणी आणि वाळवण यांतून.

भुरका मारण्याची विद्या

तुम्ही म्हणाल, हे सगळे श्रीमंतांचे चोचले. मलाही तसेच वाटत होते. पण या लोकांनी चवीला मोजमाप लावले आहे. ठरलेली पद्धत अशी: सव्वाआठ ग्रॅम जाडसर पूड, १५० मिलिलीटर पाणी, उकळीच्या थोडे खालचे. चार मिनिटे थांबायचे, वर आलेली साय चमच्याने फोडायची आणि वास घ्यायचा. मग चमच्याने जोरात भुरका मारायचा. आपल्याकडे भुरका मारला की म्हातारी डोळे वटारते. तिथे भुरका मारल्याशिवाय परीक्षा होत नाही. सुवास, आंबटपणा, जडपणा, गोडवा, मागे राहणारी चव, अशा एकेका गोष्टीला गुण देतात. शंभरपैकी ऐंशी किंवा जास्त मिळाले तर ती विशेष कॉफी, असा बाजाराचा रिवाज पडला. हा शब्द १९७४ साली अमेरिकेतल्या अर्ना नुट्सन या व्यापारी बाईने एका धंद्याच्या मासिकात वापरला. तिचे म्हणणे साधे होते. ठराविक जागेच्या हवामानात ठराविक चवीचा दाणा येतो, तो वेगळा ठेवा आणि वेगळा विका.

वेगळा ठेवल्याने काय होते याचा दाखला पनामा देशातला आहे. एस्मेराल्डा नावाच्या मळ्यावर गेशा जातीची काही झाडे होती. हे वाण मूळ इथिओपियाचे. रोगाला टिकेल म्हणून आणले होते, चवीसाठी कोणी आणले नव्हते. वर्षानुवर्षे त्याचे दाणे बाकीच्या मालात मिसळून जात. मग मळ्याच्या मालकांनी शेताच्या एकेका तुकड्याचा माल वेगळा काढून वेगळा चाखला. एका कोपऱ्यातली कॉफी फुलासारखी सुगंधी निघाली. २००४ च्या लिलावात तिला पौंडाला २१ डॉलर मिळाले. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बाजारात साधी अरेबिका पौंडाला एका डॉलरच्या आत होती. झाड तेच, जमीन तीच, माणसे तीच. फरक एवढाच की त्या वर्षी माल मिसळला नव्हता.

मिसळण्याचे राजकारण

आता आपल्या देशाकडे येतो. कॉफी भारतात आली ती बाबा बुडन नावाच्या फकिराने येमेनहून सात बिया आणल्या म्हणून, अशी चिकमगळूरकडची आख्यायिका आहे. त्यांच्या नावाचा डोंगर तिथे आहे. पुढे मळे झाले. दुसऱ्या महायुद्धात निर्यात बसली, भाव पडले, तेव्हा १९४२ साली कायदा झाला. बागाईतदाराने आपली कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात घालायची, विक्री बोर्ड करणार. त्या वेळी तो आधार होता. पण युद्ध संपले तरी व्यवस्था पन्नास वर्षे राहिली. प्रतवारी होई, पण एका प्रतीत शेकडो बागांची कॉफी एकत्र. पैसे हप्त्याहप्त्याने, लांबत लांबत. ज्याने चार वेळा फिरून लाल फळ वेचले त्याचे नाव ढिगात गेले.

आपल्यातल्या जुन्या लोकांना हे ऐकून १९७२ ची कापूस एकाधिकार खरेदी आठवेल. जास्त बोलत नाही.

१९९२ पासून कॉफी उत्पादकाला थोडा थोडा माल स्वतः विकण्याची मोकळीक मिळाली आणि १९९६ मध्ये पूर्ण. तेव्हापासून बागेचे नाव पाकिटावर येऊ शकले. भाचीने मला दाखवलेला फळा या मोकळिकीशिवाय लिहिता आला नसता. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८९ मध्ये जगातली कोट्याची व्यवस्था मोडली होती, आणि २००१ मध्ये न्यूयॉर्कचा भाव पौंडाला ५० सेंटच्या खाली गेला. मोकळ्या बाजारात उतरलेला कॉफीवाला पाच वर्षांत खड्ड्यात पडला. पुढे २०२५ च्या फेब्रुवारीत तोच भाव चार डॉलरच्या वर गेलेलाही जगाने पाहिला. मोकळीक मिळाली म्हणजे भाव मिळाला असे नव्हे. मोकळीक म्हणजे आपला माल आपल्या नावाने विकण्याचा हक्क. तो वापरायला स्वतःच्या मालाची ओळख लागते.

कागदावरचा हिशेब

चिकमगळूरहून येताना गाडीत मी एक हिशेब मांडला. तुम्हीही मांडा. दुकानातल्या एका कपाला १८ ग्रॅम पूड धरली तर एक किलोत ५५ कप होतात. तीनशे रुपयांनी झाले १६,५०० रुपये. भाजताना वजन घटते, म्हणून एक किलो भाजलेल्या दाण्याला सुमारे एक किलो दोनशे ग्रॅम हिरवा दाणा लागतो. हिशेबापुरता हिरव्या दाण्याचा भाव किलोला ५०० रुपये धरा. शेतकऱ्याचे झाले ६०० रुपये. म्हणजे तीनशेच्या कपात त्याचे अकरा रुपये.

दुकानदार चोर आहे असे मी म्हणत नाही. पुण्यातले भाडे, यंत्र, पोरांचे पगार, कर, सगळे त्याच्या डोक्यावर आहे. पण हाच हिशेब उलटा वाचा. शेतकऱ्याला ५०० ऐवजी ७५० दिले तर एका कपामागे वाढतात साडेपाच रुपये. तीनशे देणाऱ्या माझ्या भाचीला साडेपाच रुपये जाणवणारही नाहीत. शेतकऱ्याला मात्र दीडपट भाव. ही वाट उघडते ती फळ्यावर त्याच्या बागेचे नाव असेल तरच. नाव नसेल तर दुकानदार तेवढ्याच अकरा रुपयांत दुसऱ्याचा माल आणतो, आणि गिऱ्हाइकाला कळतही नाही.

ज्याने स्वतःची कॉफी प्यायली नव्हती

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला ती गोष्ट सांगतो.

चिकमगळूरच्या एका खेड्यात एका लहान बागाईतदाराकडे आम्ही उतरलो होतो. सहा एकर बाग. डोंगराच्या उतारावर, सिल्व्हर ओकच्या सावलीत, झाडावर मिरीचे वेल. माणूस माझ्याच वयाचा, मोडक्या हिंदीत बोलणारा. त्याने स्टीलच्या पेल्यात कॉफी दिली, छान फेसाळ. मी विचारले, "ही तुमच्या बागेतली?" तो हसला. "नाही साहेब, बाजारातली पूड आहे. आमचा माल व्यापारी घेऊन जातो."

घरात तीन पिढ्या कॉफी. आणि स्वतःच्या बागेची कॉफी त्याने कधी वेगळी करून प्यायली नव्हती.

दुसऱ्या दिवशी गावातल्या एका भाजणाऱ्या तरुणाकडे आम्ही त्याच्या बागेतल्या दोन पिशव्या नेल्या. एक वरच्या उताराची, एक खालच्या ओढ्याकाठची. एकाच वाणाची, एकाच आठवड्यात वाळवलेली. तरुणाने दोन्ही सारख्याच भाजल्या आणि वाट्या मांडल्या. मी भुरका मारला आणि मलासुद्धा, ज्याला त्यातले काही कळत नाही, फरक कळला. खालची बरी होती. वरचीला गोडवा होता.

बागाईतदाराने दोन्ही दोनदा चाखल्या. मग वाटी खाली ठेवली आणि बराच वेळ बोलला नाही. शेवटी म्हणाला, "बावीस वर्षे मी या दोन्ही एकाच पोत्यात भरतो आहे."

आम्ही निघालो तेव्हा तो वरच्या उतारासाठी वेगळी माचाणे बांधायचा विचार बोलून दाखवत होता. त्याला जास्त भाव मिळाला का, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. तो हंगाम अजून यायचा आहे. तीन-चार वेळा वेचायची मजुरी वाढते, आणि जास्त भाव देणारा गिऱ्हाईक भेटला नाही तर ती अंगावर येते. हेही त्याला कळत होते. पण आपल्याजवळ काय आहे हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

आपण काय घ्यायचे?

पहिले, कॉफी लावायला धावू नका. अमरावती जिल्ह्यात चिखलदऱ्याला कॉफीची झाडे आहेत, इंग्रजांच्या काळापासून. पण ते हजार मीटरवरचे थंड, पावसाचे ठिकाण आहे. खालच्या काळ्या रानात मे महिन्यात कॉफीचे रोप जगवणे म्हणजे विहिरीचे पाणी आणि घरचे पैसे दोन्ही घालवणे. कोणी रोपे विकायला आला तर त्याला आधी त्याची स्वतःची बाग दाखवायला सांगा.

दुसरे, चवीचे ज्ञान फक्त पुण्या-मुंबईच्या लोकांना असते हा समज सोडा. हुरड्याच्या दिवसात तुमच्यापुढे गुळभेंडीचे कणीस आणि संकरित ज्वारीचे कणीस ठेवले तर डोळे झाकून सांगाल कोणते कोणते. मालदांडीची भाकरी आणि रेशनच्या ज्वारीची भाकरी एका घासात ओळखाल. ही तीच विद्या आहे. फरक एवढाच की कॉफीवाल्यांनी तिला तक्ता केला, गुण दिले आणि त्या गुणांवर भाव मागितला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले, भिवापूरच्या मिरचीला मिळाले. पण मानांकनाचा कागद भिंतीवर टांगून भाव येत नाही. पोते वेगळे राहिले, नाव शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत गेले आणि त्याच्या जिभेला फरक कळला, तरच भाव येतो. या तिन्हीतली एकही कडी तुटली की आपण परत ढिगात.

तिसरे, याला जादू समजू नका. जगातली बहुतेक कॉफी आजही साध्या भावानेच विकली जाते आणि बहुतेक कापूसही तसाच विकला जाईल. साधा भाव पडला तर विशेष भावाने सगळे गाव तरत नाही. म्हणून साध्या मालाच्या भावाची लढाई सुटत नाही. ती लढताना हातातला चांगला माल फुकट ढिगात घालू नका, एवढेच माझे सांगणे.

मागे टेबलावर तीन थर्मास ठेवले आहेत. पहिल्यात डब्यातली झटपट, दुसऱ्यात चिकोरी मिसळलेली, तिसऱ्यात त्या बागाईतदाराच्या वरच्या उताराची. साखर बाजूला ठेवली आहे. आधी बिनसाखरेचा घोट घ्या, भुरका मारून घ्या, कोणी हसणार नाही. मग हवी तेवढी साखर घाला. तिसरी आवडलीच पाहिजे असे नाही. आवडली नाही तर तसे सांगा.

आणि पुढच्या महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या रानातली दोन किलो ज्वारी आणावी. पिशवीवर नाव, गाव, वाण आणि कोणत्या तुकड्यातली ते लिहावे. पीठ वेगळे दळू, भाकरी वेगळ्या थापू. थापण्याचे आणि गुण देण्याचे काम मायबहिणी करतील. त्यांच्या निकालावर तक्रार ऐकली जाणार नाही.

चला, कॉफी थंड होते आहे.